सिस्टरच्या गाडीचं मागचं दार

सिस्टर गाडी चालवायला शिकली ती चाळिशी उलटल्यावर. हॉस्पिटलची नोकरी सोडून ती घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करायला लागली, तेव्हा जड बॅग खांद्यावर टाकून बसमागे धावणं काही जमेना. मग तिनं एक जुनी गाडी घेतली. इंजिन ठणठणीत, बाकी सगळा चालतंय तोवर चालतंय असा मामला. रिमोटचं बटण दाबलं की चारही दारं लागायची, ते तर कधीच बंद पडलं होतं. त्यामुळे प्रत्येक दाराची खुंटी हातानं दाबायची. घाईत मागची एखादी राहून जायची. मुलगी ओरडली की सिस्टर म्हणायची, "अगं, चोर आलाच तर गाडी पुसून ठेवून जाईल."

त्या दिवशी भर दुपारी ती सिग्नलला उभी होती. मागचं दार उघडलं आणि लागलं. गाडी किंचित खचली.

"सरळ चला," मागून पुरुषाचा आवाज आला. "वळून बघू नका."

दिवा हिरवा झाला आणि तिचा पाय आपोआप पॅडलवर पडला. आरशात एक कान आणि घामानं भिजलेली कॉलर तेवढी दिसत होती. माणूस धावत आल्यासारखा धापा टाकत होता. आयुष्यभर लोकांना 'घाबरू नका, झालंच' असं सांगणाऱ्या सिस्टरची बोबडी वळली. काय हवंय, एवढंही तिला विचारता येईना. पुलापाशी तो म्हणाला, "थांबवा." उतरला. दार हळूच लावलं. गर्दीत शिरला आणि दिसेनासा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला तरी तिचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

चौकीत हवालदारानं विचारलं, "काही नेलं का?"

"नाही."

"धमकी दिली? अंगाला हात लावला?"

"नाही."

"मग सुटलात म्हणायचं, बाई."

ती 'हो' म्हणाली आणि रिक्षानं घरी आली. गाडी नंतर मुलीनं आणली.

त्यानंतर सिस्टरनं गाडीला हात लावला नाही. मुलीला सांगितलं, पेट्रोल परवडत नाही. पेशंटना सांगितलं, गाडी दुरुस्तीला टाकलीय. पुन्हा बस सुरू झाली. बसमध्ये मागे कुणी उभं राहू नये म्हणून ती खिडकीला पाठ लावून तिरकी बसायची. रोज उशीर व्हायला लागला. पायाच्या जखमेचं दुखणं असलेल्या एका आजोबांकडे तर दोनदा जाणंच झालं नाही. तिसऱ्यांदा गेली तेव्हा पट्टी ओली होती आणि वास येत होता. आजोबांनी नुसता पाय पुढे केला. ड्रेसिंग करताना सिस्टरला वर बघवेना. दुसऱ्या दिवशी तिनं मुलीला शेजारी बसवलं आणि जीव मुठीत धरून गाडी गॅरेजला नेली.

तिथल्या इलेक्ट्रिशियनला सगळे फ्यूजदादा म्हणत. बुटका, अबोल माणूस. कानावर कायम पेन्सिल. मुलगी गाडी त्याच्या हवाली करून कामाला गेली. त्यानं ड्रायव्हरचं दार सताड उघडलं आणि दार नि गाडी यांच्यामधली रबरी नळी मागे सरकवली. आतल्या वायरींचे तुकडे पडले होते.

"दार उघडून-लावून वायरी मोडल्या," तो म्हणाला. "आणि लॉक चालवणाऱ्या खालच्या डब्यात पाणी शिरलंय. रिमोटचं ऐकणार कोण?"

त्यानं वायरी नव्यानं जोडल्या, गंजलेला डबा बदलला, एका दारातली अडकलेली मोटर सोडवली. सिस्टर स्टुलावर बसून होती, पाठ भिंतीला. शेवटी त्यानं तिला गाडीत बसवलं, नवा रिमोट डब्याला ओळखायला लावला आणि बाहेर जाऊन बटण दाबलं.

खट्! चारही खुंट्या एकदम खाली गेल्या.

सिस्टरच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मागे कुणी नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी मान वळेना. आपण आत, दारं बंद, रिमोट बाहेरच्या परक्या पुरुषाच्या हातात, एवढंच तिला कळत होतं. ती काचेवर दोन्ही तळव्यांनी थपडा मारायला लागली.

फ्यूजदादानं घाबरून बटण दाबलं. दार उघडून ती बाहेर पडली ती तिथल्या टायरवरच बसली. त्यानं पाण्याची बाटली आणली, तिच्या हातात न देता शेजारी ठेवली आणि तो चार पावलं मागे सरकून उभा राहिला.

"काय झालं, ताई?"

आजवर मुलीलाही तिनं 'एक माणूस चुकून बसला' एवढंच सांगितलं होतं. आता तिनं सगळं सांगितलं, त्या धापांसकट. तो ऐकत राहिला. 'सुटलात' वगैरे काही म्हणाला नाही.

"तुमच्या दाराची आतली कडी ओढली की लॉक असलं तरी सुटतं," तो म्हणाला. "मी आधी सांगायला हवं होतं. बघायचंय? रिमोट तुमच्याकडेच ठेवा."

सिस्टर पुन्हा आत बसली. मांडीवर रिमोट. तिनं स्वतः बटण दाबलं. खट् झालं. तिनं कडी ओढली, दार उघडलं. परत लावलं, परत उघडलं. घाम पुसला, परत लावलं. फ्यूजदादा तिकडे दुसऱ्याच गाडीच्या बोनेटमध्ये डोकं खुपसून उभा होता. काम करत नव्हता, नुसता उभा होता.

निघताना त्यानं विचारलं, "गाडी चालू झाली की आपोआप लॉक लागेल असं करून देऊ?"

"नको," सिस्टर म्हणाली. "मीच लावीन."

आजोबांच्या घराकडे जायला तोच सिग्नल लागत होता. दुसरा रस्ता लांबून होता; तिनं एकदा तिकडे इंडिकेटरही दिला आणि मग बंद केला. लाल दिव्याला ती थांबली. दारं निघतानाच लावली होती, तरी तिनं पुन्हा बटण दाबलं. माणसं गाड्यांमधून वाट काढत होती. एकजण तिच्या मागच्या चाकापाशी वाकला, तशी ती श्वास घ्यायची विसरली. त्यानं बुटाची नाडी बांधली आणि तो पलीकडे गेला.

दिवा हिरवा झाला. तिनं गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.

आजोबा दारातच बसले होते. "आज वेळेवर?" ते म्हणाले.

"गाडी दुरुस्त झाली," सिस्टर म्हणाली आणि हातमोजे चढवायला लागली. हात अजून थोडे थरथरत होते, म्हणून पट्टी सोडायच्या आधी ती जरा वेळ थांबली.