चिमीला खाली ठेवा

दुसऱ्यांच्या घरी लाद्या बसवण्यात फरशीवाल्याची वीस वर्षं गेली होती. गुडघ्यांना घट्टे पडले, तरी एखादी लादी सूतभर जरी वर राहिली तर त्याला घास गोड लागत नसे. असा माणूस, लेक नऊ महिन्यांची झाली तरी बसत नाही म्हटल्यावर स्वस्थ कसा राहणार? उशांच्या आधारानं चिमी बसे. उशी काढली की पिठाच्या पोत्यासारखी कलंडे.

कामाच्या ठिकाणी लहान मूल दिसलं की तो थापी बाजूला ठेवून विचारी, "ताई, हा कधी बसायला लागला?"

"सहाव्या महिन्यात. आता धरून उभा राहतो की!"

मग दिवसभर त्याचं चित्त ठिकाणावर नसे. एकदा तर नक्षीच्या दोन लाद्या उलट्या लावून मोकळा झाला.

शेवटी शिवणकारखान्यातल्या बायकोनं सुट्टी काढली आणि सगळी वरात दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी चिमीच्या कानामागे खुळखुळा वाजवला. तिनं गर्रकन मान वळवली. ठोकळा दिला, तो तिनं या हातातून त्या हातात घेतला, चाखून पाहिला. बाईंनी रुमालाआड तोंड लपवून "भॉक" केलं, तशी खुदकन हसली.

"पोर हुशार आहे. दिवसभर असते कुठं?"

"माझ्या मांडीवर," आजी ऐटीत म्हणाली.

"आणि जमिनीवर?"

"ठेवू कुठं, बाई? आमच्या लेकानं घराचं गोदाम केलंय. सिमेंटची पोती, लाद्यांचे तुकडे."

फरशीवाल्याची मान खाली गेली.

"पालथं पडून, धडपडूनच पाठीत बळ येतं," नर्सबाई म्हणाल्या. "महिनाभर खाली ठेवा. नाहीच जमलं, तर मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

त्या 'तर'नं त्याच्या जिवाला घोर लावला. त्याच दिवशी त्यानं सगळं सामान जिन्याखाली हलवलं, जमीन तीनदा पुसली, तळहात फिरवून खडा लागतो का पाहिलं. चादर अंथरून चिमीला पालथं ठेवलं. तिनं घर डोक्यावर घेतलं. आजी धावली.

"आई, थांब जरा."

"लाद्या फोडून फोडून काळीजही दगडाचं झालं का रे तुझं?"

तो स्वतःच चिमीसमोर पालथा पडला, हनुवटी जमिनीला टेकून. बापाचं तोंड एवढ्या जवळ पाहून चिमी गप्प झाली. दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी चार. दुपारीही तो काम टाकून घरी येऊ लागला.

तिसऱ्या आठवड्यात तिनं हातांनी जोर लावला आणि सरळ मागे सरकत खाटेखाली गेली.

"मागे जातेय रे! हे बरं का?" आजी घाबरली.

त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात त्याच्या जेवणाचं ताट दोनदा तसंच राहिलं.

महिना भरायला चार दिवस असताना, सकाळी, डब्याच्या झाकणापर्यंत हात पुरेना म्हणून चिमी कुशीवर वळली, एका तळव्यावर रेटली आणि बसली. दोन्ही हात मोकळे. आजीनं ओंजळ पुढे केली, पण उचललं नाही. तीन श्वास, चार. मग चिमी कलंडली आणि फरशीवाल्याला रडू फुटलं.

"मोठ्या डॉक्टरांची गरज नाही," महिना भरल्यावर तिला तपासून नर्सबाई म्हणाल्या. "दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो बायकोला म्हणाला, "चालायला कधी लागेल गं?"

"आधी तू घरी चल," ती म्हणाली.