मेहुण्यांचं जर्मन

रोह्यापासून पेणपर्यंत जर्मन भाषेत चुकण्याची पात्रता असलेला एकच माणूस होता, आणि ते म्हणजे माझे मेहुणे, ताईचे यजमान. बाकीच्यांना ती भाषा येतच नव्हती, तर चुकणार कुठून? मेहुणे मुळात पेणच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवत. वर्गात बाकं भरपूर, विद्यार्थी मोजके; विषय बंद पडणार अशी कुणकुण लागलेली. तेवढ्यात नव्या अभ्यासक्रमात परदेशी भाषा सक्तीची झाली. प्राचार्य म्हणाले, "संस्कृत आणि जर्मन बहिणीच ना? एकीला ओळखता, मग दुसरीलाही सांभाळा." नाही म्हणावं तर घरी बसायची पाळी. मेहुणे हो म्हणाले.

त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि वर्गाच्या एक धडा पुढं राहायचा नेम केला. रोह्याजवळच्या अष्टमीला घर, तिथून पेणला जाताना एसटीत क्रियापदं इतक्या मोठ्यानं चालवत, की शेजारी कुणी बसेना. घरी ताटावर बसले की चमचा उंच धरून सांगत, "तिकडं हा तो, काटा ती आणि सुरी ते!" ताई म्हणायची, "कोणी काहीही असो, आमटी निवतेय." मुलगी तिकडं नपुंसकलिंगी असते हे ऐकून वर्गात एकदा दंगा झाला. जोहे गावाहून येणारी वैशाली उभी राहिली. "त्यात काय सर? माझी आय मला 'आमचं पोर' म्हणते, तसंच हाय ते." एवढा सोपा खुलासा पुस्तकात नव्हता. पुढच्या वर्षापासून मेहुण्यांनी तो स्वतःचा म्हणून सांगितला.

ही वैशाली पुढं नर्स झाली, पुण्यात तिनं जर्मन पक्कं केलं आणि थेट जर्मनीतल्या इस्पितळात लागली. मेहुण्यांनी गल्लीभर पेढे वाटले. एका रविवारी मी त्यांच्याकडे असताना तिचा फोन आला. ती भराभर जर्मन बोलत सुटली. मेहुण्यांना अक्षर कळेना, पण गुरुजीपण सोडवेना. ते ताठ बसून मधूनमधून "या, या" म्हणत राहिले. 'या' म्हणजे तिकडचं 'हो'.

पलीकडचं जर्मन एकदम थांबलं. मग मराठीत आवाज आला, "सर, मला इथं नाय करमत, सगळं सोडून परत येऊ का, असं विचारलं मी. आणि तुम्ही लगेच या, या?"

मेहुण्यांनी चष्मा काढला, पुसला. "मग मराठीतलं समज ते," ते म्हणाले. "घर इथंच आहे. कधीही ये."

ती खूप हसली. शेवटी शेवटी ते हसणं राहिलं नव्हतं.

वैशाली काही परत आली नाही, रमली तिकडंच. फोन मात्र अजून येतो, आणि तिनं तोंड उघडायच्या आत मेहुणे घाईघाईनं म्हणतात, "मराठीत बोल गो."