अक्कांच्या नावावरची माझी चूक

डॉ. गिरिजा मगदूम यांना आम्ही सारे विद्यार्थी ‘अक्का’ म्हणतो. त्यांचं माहेर कर्नाटकच्या सीमेवरचं, त्यामुळे त्या शिकवतात मराठीत आणि रागावतात कन्नडमध्ये. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिलीच नाही. म्हशीचं एक बीजांड काचेच्या बशीत ठेवलं आणि तोंडाने ओढायची बारीक नळी हातात दिली. “उचल.” मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, गप्प राहणं आमच्या घराण्यातच नाही. नळी तोंडात धरूनच मी विचारलं, “दिसतंय कुठं हो ते?” बीजांड जे उडालं ते पुन्हा सापडलं नाही. “सुम्न कुंदर!” अक्का कडाडल्या. म्हणजे गप्प बस. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रुजू करून घेतलं.

पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून मुलांकडे येतात. त्या सदोष असतील, तर बीजांडातला गाभा काढून दुसऱ्या निरोगी बीजांडात बसवता येईल का, हा अक्कांचा ध्यास. आमच्या तुटपुंज्या साधनांनी त्या म्हशीच्या बीजांडांवर वर्षानुवर्षं खटपट करत राहिल्या. पुढे माकडांमध्ये हे जमल्याची बातमी परदेशातून आली आणि आम्ही हळहळलो. अक्का मात्र खुशीत होत्या. “जमतंय हे कळलं की! तोंडं काय पाडता?” म्हणाल्या आणि फळ्यावर ती सगळी कृती समजावू लागल्या.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. दोन हजार सालानंतर आम्ही मानवी मूलपेशींचं काम हाती घेतलं. मुरगूडच्या एका शेतकरी जोडप्याला उपचारांनी मुलगा झाला होता; उरलेले चार गोठवलेले भ्रूण त्यांनी लेखी संमतीने आम्हाला दिले. “कुणाच्या तरी उपेगी पडू देत,” एवढंच त्या बाई म्हणाल्या.

भ्रूणातल्या पेशी वाढवायच्या तर खाली उंदराच्या पेशींची गादी लागते. त्या गादीची वाढ आधी औषधाने थांबवावी लागते. औषध जुनं झालं होतं. नवं तयार करायचा मी आळस केला, दुसरं काही नाही. थोड्याच दिवसांत बशीत पेशींचे टपोरे पुंजके दिसले आणि मी हरखले. माझ्या तोंडात कुठला तीळ भिजायला! संध्याकाळपर्यंत पेठेत पेढे वाटून झाले. बातमी छापून आली, अक्कांचा सत्कारही ठरला.

अक्कांचा शिरस्ता असा, की ज्याने पेशी वाढवल्या त्याने त्या तपासायच्या नाहीत. त्या स्वतः सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं शेहेचाळीस, उंदराच्या पेशीत चाळीस. अक्कांनी तीनदा मोजली. चाळीसच भरली. गादीच माजली होती, भ्रूण केव्हाच संपले होते.

त्यांनी सत्कार रद्द करायला लावला, वर्तमानपत्राला खुलासा पाठवला आणि मला घेऊन एसटीने मुरगूड गाठलं. त्या जोडप्याच्या घरी जोत्यावर बसल्या बसल्या अक्का म्हणाल्या, “तुमच्या भ्रूणांचा काही उपयोग झाला नाही. चूक माझी झाली.”

मी शेजारीच होते. माझी पीएच.डी. तोंडावर आलेली. मी एक शब्द बोलले नाही. जन्मभर तोंड चालवणारी मी, नेमकी तिथं गप्प बसले!

“म्हंजे वाया गेलं म्हणायचं?” बाईंनी विचारलं.

“हो. वाया गेलं.”

बाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, “खरं सांगाय एवढ्या लांबनं आलासा. बसा, च्या ठेवते.”

परतताना एसटीत मला रडू फुटलं. अक्का म्हणाल्या, “तुझी चूक तू वहीत लिही आणि पुन्हा करू नकोस. लोकांना उत्तर मी देते. संमतीपत्रावर सही माझी आहे.” त्या वर्षी त्या विभागप्रमुख होणार होत्या; झाल्या नाहीत. मी मात्र डॉक्टर झाले. पुढे दुसऱ्या एका जोडप्याने दिलेल्या भ्रूणांतून माझ्याच हातून खऱ्या मानवी मूलपेशी वाढल्या, तेव्हा अक्कांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आज मी जी काही आहे, ती अक्कांमुळे आहे, आणि त्यांची विद्यार्थिनी म्हणवून घेताना माझी मान ताठ होते.

अजूनही कोल्हापुरात कुणी ना कुणी म्हणतंच, “मगदूम मॅडम होय? त्यांनीच उंदराच्या पेशी माणसाच्या म्हणून सांगितल्या होत्या की!” आणि अक्का हसून सोडून देतात. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात, सगळ्यांच्या साक्षीने लिहिते: जुनं औषध मी वापरलं. पेढे मी वाटले. चूक माझी होती. अक्कांची कधीच नव्हती.

अक्का, हे वाचून तुम्ही चिडणार, मला ठाऊक आहे. खुशाल चिडा. आणखी पंचवीस वर्षं माझ्यावर असंच कन्नडमध्ये ओरडायला तुमचा घसा आणि तब्येत ठणठणीत राहो. या एका बाबतीत मात्र आता मी गप्प बसणार नाही.