पाचशे लिटरचं वजन

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका एप्रिलात सकाळच्या रेडिओने सांगितलं, की नाशिक शहर आणि परिसरात दुपारनंतर सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता आहे. सोसाटा म्हणजे ताशी किती किलोमीटर, हे सांगितलं नाही. आकडा नसलेल्या बातमीवर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

पण त्या दिवशी गच्चीवर बायकोच्या जुन्या साडीवर एकशे एकावन्न कुरडया वाळत होत्या. त्यातल्या एकशे एक मेव्हणीच्या रुखवतात जायच्या होत्या. उरलेल्या पन्नास मोडतोडीसाठी मी धरलेल्या. लग्न पाच दिवसांवर होतं. पुन्हा गहू भिजत घालायचे तर तीन दिवस त्यातच जाणार, मग वाळवायला वेळ कुठून आणायचा? बायकोने माहेरी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "कुरडया माझ्याकडून. एकशे एक."

"अहो, आत घ्यायच्या का?" तिने विचारलं.

"अजून ओल्या आहेत. उचलल्या तर मोडतील. मी बंदोबस्त करतो."

साडीची दोन टोकं मी जिन्याच्या लोखंडी जाळीला बांधली आणि दोन गच्चीवरच्या नव्या काळ्या टाकीला. टाकीवर पांढऱ्या अक्षरांत ५०० लिटर लिहिलं होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे पाचशे किलो. असा खुंटा सबंध कॉलनीत कुणाकडे नव्हता. मी हा हिशेब बायकोला तोंडी सांगितला, तिला पटेना म्हणून कागदावर मांडून दाखवला.

आमच्या मागच्याच मळ्यात एक मावशी भाजीपाला करायच्या. मी खाली परसात उतरलो तेव्हा कोथिंबीर खुडता खुडता त्यांनी वर गच्चीकडे पाहिलं.

"भाऊ, उचला ते! वारं पार पडलंय. पान हालत नाय. असं पडलं का मंग लय उठतं."

"मावशी, पाचशे किलोला बांधलंय."

"पाचशे किलोचं काय हाय वर?"

"टाकी."

"अन् पाणी?"

नेमकं तेव्हाच मला आठवलं, की प्लंबर जोडणी करायला सोमवारी येणार होता. टाकीत पाण्याचा थेंब नव्हता. रिकामी टाकी आम्ही दोघांनी जिन्यातून गप्पा मारत वर आणली होती.

मी जिन्याकडे धावलो. चौदा पायऱ्या. दहावीवर असताना वारा आला.

वर पोचलो तेव्हा साडीचं शीड झालं होतं. जाळीकडच्या गाठी सुटल्या होत्या. त्या मीच मारलेल्या. टाकीकडच्या मात्र घट्ट होत्या, त्याही मीच मारलेल्या. त्यामुळे साडी टाकीला ओढत निघाली, टाकी आडवी झाली, गडगडली, आमच्या एक फुटी कठड्यावरून उडाली आणि कुरडयांसकट मावशींच्या कोथिंबिरीत जाऊन पडली. मावशी तोपर्यंत शहाणपणाने गोठ्यात गेल्या होत्या.

बायको माझ्यामागून वर आली. तिने रिकामी गच्ची पाहिली, खाली पाहिलं.

"पाचशे किलो," ती म्हणाली. रडेल असं वाटलं होतं; ते बरं झालं असतं.

तासाभराने मावशी पाटी घेऊन दारात आल्या. "भाऊ, मोजा. तुम्हाला आवडतं ना मोजायला."

मोजल्या. अख्ख्या चौसष्ट. म्हणजे सदतीस कमी. मावशी परत गेल्या आणि स्वतःच्या घरच्या कुरडया घेऊन आल्या, अडतीस.

"एक जास्त झाली," मी म्हणालो.

"आसू द्या की. यखादी तुम्ही हातात धरालच."

बायको तेव्हा पहिल्यांदा हसली. दोन दिवस त्या चौसष्ट तिने खोलीत पंख्याखाली वाळवल्या आणि खिडक्या बंद ठेवल्या. मला त्या खोलीत जायला मनाई होती.

लग्नात रुखवत मांडलं. वऱ्हाड नगरकडचं. नवऱ्या मुलाच्या आत्या टेबलाशी आल्या, ओठ हलवत मोजू लागल्या. मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला आणि तितकीच भीतीही. मोजणी पुरी झाली, मान हलली. मग त्यांनी एक कुरडई उचलून डोळ्यांजवळ धरली. जाळीत एक हिरवं पान वाळून घट्ट बसलं होतं.

"अगंबाई, तुम्ही नाशिकचे कुरडईत कोथिंबीर घालता?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला.

"हो," ती म्हणाली. "वारा असला की घालतो."

पुढच्या उन्हाळ्यात आत्यांचा फोन आला, तो नेमका मीच उचलला. कोथिंबिरीच्या कुरडया करायला घेतल्या होत्या त्यांनी. किलोभर गव्हाला कोथिंबीर किती, असं विचारत होत्या.

बायको समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "अंदाजाने घाला."