डोईच्या उंचीचा दगड

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना तापाने गेली. त्यानंतर वर्षभर देवापुढे दिवा लावायचं काम यांनीच केलं. मी देवघरात पाऊल टाकत नसे. देवाशी भांडण होतं असंही नाही, पण कुलदैवताच्या त्या चांदीच्या टाकाकडे नजर गेली की तोंडाशी एक प्रश्न येई आणि उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मी तो गिळून टाकी. तिचं एक झबलं मी न धुता ठेवलं होतं. माझ्या आईने जुन्या लुगड्याचं शिवलेलं, मऊ. त्याला तिचा वास होता, दुधाचा आणि वेखंडाचा. पुरचुंडीत बांधून ते मी सदा जवळ बाळगत असे. यांना ते माहीत होतं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. हे मद्रासला गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात फिटर होते. तिथे पडून असलेल्या जुन्या भागांची यांनी माझ्यासाठी एक सायकल जुळवली आणि पहाटे मैदानावर नेऊन मला शिकवली. मी मुळात बुजरी. लोकांनी बघितलं तर काय म्हणतील या धास्तीनेच मी दोनदा पडले. पण चाक फिरायला लागलं की पुढचं झाड आपोआप जवळ येतं, याची मला फार गंमत वाटे. उन्हाळ्यात कारखाना काही दिवस बंद राहणार होता, तेव्हा हे म्हणाले, "चेय्यार नदीच्या काठाकाठाने जवादी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊ. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा डोंगराकडे बघ."

शेजारी तंजावरकडच्या अक्का राहत. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेल्या घरातल्या, त्यांची मराठी जुन्या वळणाची. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गे, सायकलीवर बैसून डोंगर पाहावयास चाललीस? देव पाहावयास तर तुला उंबरा ओलांडवेना."

मी मान खाली घातली. पण गेले, आणि ते का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. लहानपणी चौथीच्या वर्गात भिंतीवर नकाशा होता. त्यातल्या निळ्या रेघा डोंगरात जाऊन अचानक संपत. तिथे नेमकं काय असतं, हे बघायचं मनात राहून गेलं होतं. एवढंच कारण असेल.

कांजीवरम मागे टाकल्यावर रस्त्याला वर्दळ उरली नाही. चिंचेच्या सावलीतून आम्ही सकाळी सायकल चालवायचो आणि ऊन चढलं की वाटसरूंसाठी बांधलेल्या एखाद्या छत्रात थांबायचो. जिकडे तिकडे मला नवल दिसे. गावाच्या शिवेवर मातीचे मोठाले घोडे उभे, त्यांच्यावर स्वार नाही. कुठे वडाखाली हळद फासलेला दगड, कुठे बांधावर नुसता रोवलेला भाला, आणि त्यालाही फुलं वाहिलेली. मी मनातल्या मनात प्रत्येकाचं नाव काय असेल ते विचारी. हात मात्र जोडत नसे. नदी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी थबकलेच. एवढं रुंद पात्र आणि नुसती पांढरी वाळू.

"अहो, पाणी कुठे गेलं?"

"सुट्टीवर," हे म्हणाले. "कारखान्यासारखं."

डोंगर अगदी समोर आले त्या दिवशी पलीकडच्या गावात मुक्काम करायचा होता. वाट पात्रातूनच होती. वाळूत चाकं रुतत होती, म्हणून आम्ही सायकली ढकलत निघालो. निघायला उशीर झाला होता आणि ऊन डोक्यावर आलं होतं. पलीकडच्या काठाला लागलो, तेव्हा यांनी सायकल सोडून दिली आणि हे एका बाभळीच्या विरळ सावलीत बसले. बसले ते आडवेच झाले. अंग तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. मी फिरकीचा तांब्या काढला. फिरकी ढिली राहिली होती. पाणी सगळं सायकलीला बांधलेल्या पिशवीत झिरपून वाटेतच सुकून गेलं होतं.

मी यांना हाक मारली. डोळे उघडले, पण ते मला ओळखत नव्हते. तापलेल्या अंगाचा तो स्पर्श माझ्या हातांना ठाऊक होता. वर्षापूर्वी याच हातांनी तो धरला होता. गाव दिसत नव्हतं, माणूस दिसत नव्हतं, आणि हाक मारायची तर माझ्या घशातून आवाज फुटेना. मला जन्मात मोठ्याने हाक मारता आली नव्हती.

काठाच्या वर, वाटेच्या कडेला, दोन उभे दगड होते आणि त्यांवर एक आडवी शिळा. दाराच्या चौकटीसारखं, साधारण माणसाच्या उंचीचं. शिळेवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. आपल्याकडे कुंकू लागलेला दगड म्हणजे देव, त्यात विचार करायचा नसतो. एखाद्या देवीचं दार असेल असं समजून मी धावत तिथे गेले. हात जोडले गेले की नाही, आठवत नाही. एवढंच म्हणाले, "यांना तरी राहू दे."

तेवढ्यात वाटेने एक म्हातारी आली. डोक्यावर सरपणाची मोठी मोळी, पाय अनवाणी. ती सरळ त्या चौकटीशी गेली, जरा वाकली आणि मान काढून घेत ती मोळी देवीच्या शिळेवर सरकवून मोकळी झाली. देवाच्या डोक्यावर सरपण! मी किंचाळले. मराठीत काय काय बोलले ते मलाच कळलं नाही, पण आवाज असा निघाला की बाभळीवरचे पक्षी उडाले.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, शिळेकडे पाहिलं, आणि बोळक्या तोंडाने हसली. "सामी इल्ला, अम्मा," ती म्हणाली. देव नाही, बाई. मग तिची नजर माझ्यामागे बाभळीखाली गेली आणि हसू थांबलं. मला येत होतं तेवढं बाजारातलं तमिळ मी बोलले. पाणी, नवरा, ऊन. तिने पुढचं ऐकलंच नाही. ती पात्रात उतरली, एका ठिकाणी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. मला वाटलं, हिला वेड लागलं. पण कोपरभर खोल गेल्यावर वाळू काळी झाली, आणि खड्ड्याच्या कडेकडेने पाणी गोळा व्हायला लागलं. आधी गढूळ, मग इतकं निर्मळ की तळाचे खडे दिसावेत. त्या सगळ्या वाटेवर, आम्ही तहानेने चालत होतो तिथेच, ते आमच्या पायांखाली होतं.

मी तांब्या भरला आणि आम्ही वर यांच्याजवळ गेलो. म्हातारीने पोटऱ्यांना, मानेला पाणी लावायची खूण केली, मग कपाळावर ठेवायला फडकं मागितलं. माझा पदर धुळीने भरला होता. खांद्यावरची पिशवी मी इतक्या धावपळीतही उतरवली नव्हती. तिनेच ती काढली, शिळेवर मोळीशेजारी ठेवली आणि आत हात घालून पुरचुंडी बाहेर काढली. गाठ सोडताना तिच्या हाताला ते इवलं झबलं लागलं. ती थांबली. कुणाचं, हे तिने विचारलं नाही. ते माझ्यासमोर धरून उभी राहिली.

पाण्यात घातलं की वास जाणार, हे मला कळत होतं. पुन्हा कुठून येणार नव्हता. मी झबलं घेतलं, खाली पात्रात उतरले आणि ते खड्ड्यात बुडवलं.

संध्याकाळी हे उठून बसले. म्हातारीच्या सुनेने पेज आणली होती. हे कारखान्यात तमिळ शिकलेले, त्यामुळे म्हातारीचं बोलणं मला कळलं. त्या चौकटीला सुमैतांगी म्हणतात, ओझं पेलणारी. जड भार डोक्यावरून एकट्याला उतरवता येत नाही आणि पुन्हा उचलताही येत नाही. दुसरं कुणी हात लावायला लागतं. वाटेवर जो एकटा असेल त्याच्यासाठी ती डोईच्या उंचीची शिळा. पोटुशी बाई बाळंत होण्याआधीच गेली तर तिच्या नावाने ती उभारतात. ही तिच्या मुलीची होती. "ती ओझं घेऊनच गेली," म्हातारी म्हणाली, "म्हणून बाकीच्यांनी इथे उतरवायचं."

 मी उठून माझ्या करंड्यातलं कुंकू त्या शिळेला लावलं.

मग मी यांना म्हणाले, "पाणी सुट्टीवर नव्हतं."

"नाही," हे म्हणाले. "सुट्टी जाहीर करणारा हा साहेबच चुकला."

परतीच्या वाटेवर प्रत्येक विहिरीपाशी मी झबलं भिजवून द्यायची आणि हे ते टोपीखाली ठेवायचे. त्याची कड बाहेर लोंबायची. बघणारे हसत. मलाही हसू यायचं.

घरी आल्यावर मी अंघोळ केली आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. मुलगी का गेली, हे मी विचारलं नाही. उत्तर आजही माझ्याजवळ नाही. त्या बाईला कुणी धाडलं, की ती रोजचीच वाट चालत होती, हेही मला ठाऊक नाही. पूर्वी वाटे, देवाने यावं आणि माझं ओझं काढून न्यावं. आता वाटतं, त्याने वाटेवर जागा करून ठेवलेली असते, वाकायचं मात्र आपण असतं. त्या जागेसाठी, आणि ज्या लेकीच्या नावाने ती होती तिच्यासाठी, मी रोज हात जोडते.

हे बाहेरून आले तेव्हा वात तेवत होती. उंबऱ्यात उभे राहून यांनी पाहिलं, चपला काढल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसले.