सुपातले मोबाईल

परंड्यात बायकांच्या हळदीला एकच कॅमेरा आत जातो, जास्मिनचा. गफारभाईंची ही थोरली लेक. त्यांचा स्टँडजवळ फोटो स्टुडिओ. त्यांची नजर अधू झाली तेव्हा कॅमेरा हिच्या गळ्यात आला. मांडवात पुरुष फोटोग्राफर आणि आतल्या घरात जास्मिन, अशी वाटणी तालुक्यात आपोआप झाली. मेंदी असो, हळद असो, डोहाळजेवण असो, पुरुषांना बाहेर काढून दार लावलं की बायका कशा खुलतात ते मला ठाऊक आहे. माझं अर्धं आयुष्य तमाशाच्या फडात, तंबूत गेलं. रंगपटातली बाई वेगळी, बोर्डावरची वेगळी. मधला पडदा शाबूत असेल तोवरच ती मोकळं हसते.

तो पडदा जास्मिन स्वतः राखायची. हळदीच्या घरी दारात सूप घेऊन उभी राहायची. मोबाईल सुपात टाकायचा, मग आत जायचं. करवली असो नाहीतर सरपंचीणबाई, सूट कुणालाच नाही.

"माझ्या मोबाईलला काय हळद लावतीस का गं?" असा टोमणा कुणी मारलाच, तर म्हणायची, "लावते की. आधी ठेवा तर खरं."

कमलबाईंच्या लेकीच्या, निकिताच्या हळदीला मीही होते. गाणी म्हणायला अजून बोलावतात मला, त्यांची मेहेरबानी. निकिताची मावशी, शिवकन्या, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून आली होती. नवरा अपघातात गेलेला, पदरात लहान लेक, राहणं सासरी. भिंतीला पाठ लावून उभी होती. निकितानं तिला हात धरून मध्ये ओढलं, गालाला हळद लावली, मनगटात हिरव्या बांगड्या चढवल्या. बाई आधी कावरीबावरी झाली. मग हसली. मी गाणं उचललं तशी नाचलीसुद्धा, आणि काय नाचली. जास्मिननं नेमका तेव्हा फोटो काढला.

दम खाऊन शिवकन्या तिच्याजवळ गेली. "मला तो फोटो पाहिजे गं. पण वाशीला कुणाच्या नजरंला पडायला नको. सासूनं बजावलंय, असलं काही कानावर आलं तर लेक आमच्याकडं राहील आन् तू माहेरी जाशील."

"बायकांच्या बाहेर जायचा न्हाय, ताई. माझी जबान हाय."

जबान तिनं मनापासून दिली होती. पण फोटो ढीगभर. व्हॉट्सॲपवर टाकले की धुरकट होतात, आणि पेनड्राइव्ह कुठं खोचायचा हे कमलबाईंना कळत नव्हतं. मग जास्मिननं इंटरनेटवरची एक फुकटातली जागा धरली. फोटो तिथं चढवायचे, एक लिंक मिळते, ती पाठवली की समोरचा फोटो उतरवून घेतो. नाव विचारत नाहीत, नंबर मागत नाहीत, खातं उघडायला लावत नाहीत. तिला तेच सोयीचं वाटलं. लग्न, वरात, हळद, सगळं तिनं एकाच ठिकाणी चढवलं. पासवर्ड लावता येत होता, पण कमलबाईंना तो टाइप करायला जमणार नाही म्हणून लावला नाही. लिंक एकट्या कमलबाईंना पाठवली.

आपल्याकडं घरातल्या बाईचा मोबाईल एकट्या तिचा कधी असतो? कमलबाईंचे दीर बलभीमराव यंदा पंचायत समितीला उभे राहायच्या तयारीत. पुतणीचं लग्न म्हणजे त्यांना आयती संधी. त्यांनी वहिनीच्या मोबाईलमधली लिंक घेतली, फ्लेक्सवाल्याला दिली, आणि त्यानं तिचा तो चौकोनी ठिपक्यांचा कोड करून दिला. बाजाराच्या दिवशी सकाळी स्टँडच्या चौकात फ्लेक्स उभा राहिला. वर नवदांपत्य, खाली त्यांच्या दुप्पट आकाराचे हात जोडलेले बलभीमराव, आणि त्यांच्या छातीच्या खाली कोड. 'लग्नसोहळ्याचे सर्व फोटो पाहण्यासाठी स्कॅन करा.'

मी भाजीला निघाले होते. फ्लेक्सखाली महालिंगप्पाची पानटपरी आहे. त्यानं मला हाक मारली.

"आक्का, या वयात बी काय गिरकी घेता हो. बघा की."

मोबाईलवर मी होते. माझ्या मागं हिरव्या बांगड्यांचा हात वर गेलेला, आणि खाली शिवकन्येचा हसरा चेहरा.

"हे तुझ्याकडं कुठनं आलं?"

"वर बघा," तो म्हणाला.

वर बघितलं, तर फ्लेक्सवरचा तो कोड. बाजारकरू थांबत होते, मोबाईल वर धरत होते, पुढं जात होते. तंबूच्या काळात फुकटे लोक कनात उचलून डोकावायचे, त्यांना दंडुक्यानं हाकलता यायचं. इथं कनातच नव्हती. "अप्पा, त्यात बायकांची हळद आहे. दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस," एवढंच त्याला बोलून मी स्टुडिओ गाठला.

जास्मिननं ऐकलं आणि संगणकासमोर बसली. लिंक उघडली. पान खालपर्यंत दोनदा चाळलं.

"आक्का, काढून टाकायचं बटनच न्हाय."

"अगं, तूच टाकलेस ना?"

"मीच. पण मीच टाकले हे त्याला कसं कळावं? खातं न्हाय, नाव न्हाय. चढवताना एक दुसरी लिंक दाखवली व्हती, पुसायची. मी ती खिडकी बंद केली." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हा आकडा बघा. एवढ्यांनी उतरवून घेतलेत."

आम्ही बघत असतानाच तो वाढला.

खाली कोपऱ्यात तक्रारीचा एक अर्ज सापडला. 'परवानगीशिवाय खाजगी फोटो' असं निवडून तिनं तो भरला. उत्तर आलं, तपासून कळवू. कधी, ते नाही.

"शिवकन्या अजून इथंच आहे ना?"

"कमलबाईंकडं. आज दुपारी दीर न्यायला येणार हाय, इंद्रजित." जास्मिननं घड्याळ बघितलं. "वाशीची गाडी चौकातच थांबती, आक्का."

तिनं बलभीमरावांना फोन लावला. ते खुशीत होते. "अगं पोरी, तालुक्यानं बघावं म्हणून तर लावलाय."

"काका, त्यात आतली हळद हाय. तुमच्या घरच्या बायका हायत."

पलीकडचा आवाज खाली आला. "मला वाटलं मांडवातलेच असतील."

"मी फ्लेक्स फाडू का?"

"फाडू नको. माझा फ्लेक्स चौकात फाटला म्हणलं की दुपारपर्यंत दोन गट काठ्या घेऊन उभं राहतेत. फ्लेक्सवाला ढोकीला गेलाय, आला की उतरवतो. तवर झाक काहीतरी करून."

कागद चिकटवला तर कुणीही कुतूहलानं ओढून काढणार. आमच्या कंपनीत पडदा फाटला की मालक त्यावर फुलांच्या माळा सोडायचे. फुलांना कुणी हात लावत नाही. बाजारातून झेंडूचा सगळ्यांत जाड हार घेतला, महालिंगप्पाची शिडी मागितली. जास्मिन ओढणी खोचून वर चढली. हार अडकवायला खिळा होता तो थेट बलभीमरावांच्या डोक्यावर. तिथून हार सोडला, दुहेरी करून कोडावर आणला. कोड अजून उघडतो का ते मी खालून माझा मोबाईल धरून बघत होते. एक कोपरा उघडा राहत होता.

तेवढ्यात गाडी आली.

इंद्रजित उतरला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी. त्यानं फ्लेक्सकडं बघितलं आणि जागीच थांबला.

"बलभीमराव गेले का काय?"

फोटोला हार म्हणजे काय, हे गडबडीत आमच्या दोघींच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळा चौक वळून बघायला लागला. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

महालिंगप्पा पानाला चुना लावत म्हणाला, "न्हाय पावनं. निवडून यायच्या आधीच घालून घेतलाय, नंतर कोण घालंल न घालंल."

लोक हसले. इंद्रजित हसला नाही. "हाराखाली फोटोचा कोड दिसतोय," म्हणत त्यानं मोबाईल वर धरला. जास्मिन शिडीवर, हातात हाराचं टोक. तिनं ते तसंच उघड्या कोपऱ्यावर सोडलं. इंद्रजितनं मोबाईल पुढं नेला, मागं आणला. काही उघडलं नाही. तो टपरीकडं वळला.

"तुमच्याकडं हायत का फोटो? आमच्या वैनी असतील त्यात."

महालिंगप्पानं एकदा शिडीकडं बघितलं. "सकाळी बघत व्हतो. मग 'डाउनलोड' लिहिलेलं मोठं हिरवं बटन दाबलं आन् मोबाईलभर जाहिराती सुटल्या. आता काहीच उघडंना." हे मला त्यानं जुळवून सांगितलेलं वाटलं. नंतर त्यानं मोबाईल दाखवला, तर ते अक्षरशः खरं होतं. खरं बटण बारीक, खालच्या बाजूला असतं. मोठी हिरवी बटणं जाहिरातीची.

इंद्रजित कमलबाईंच्या घरी चहाला बसला तेव्हा आम्ही मागच्या दारानं आत गेलो. मला वाटत होतं, निभावलं, आता गप्प बसावं. जास्मिन गप्प बसली नाही. चुलीपाशी शिवकन्येसमोर बसून तिनं सगळं सांगितलं.

"कोड झाकलाय. तक्रार केलीय, आज ना उद्या लिंक बंद व्हईल. पण ज्यांनी उतरवून घेतले त्यांच्याकडं ते राहणार, ताई. ते कोण, मला सांगता येत न्हाय. कदाचित वाशीचं बी कुणी असंल."

शिवकन्येचा चेहरा उतरला. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "दाखव तरी कसा आलाय."

जास्मिनच्या मोबाईलवरचा फोटो तिनं दोन्ही हातांत धरून बघितला. उठली, आणि मोबाईल घेऊन थेट ओसरीवर गेली. कमलबाई अडवायला धावल्या तोवर तिनं तो दिरापुढं धरला होता.

"दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवर बघण्यापरीस माझ्या हातनं बघा, भावजी."

इंद्रजितनं बघितला. कपातला चहा तसाच राहिला.

"बांगड्या कुणी भरल्या?"

"निकितानं."

त्यानं मोबाईल परत दिला. शर्टाची बाही उगाचच नीट केली. "आईला कुणी पाठवला तर आकांत करंल," तो म्हणाला. "आज घरी गेलो की समोर बसून दाखवा. मी असंन तिथं."

ती लिंक दुसऱ्या दिवशी बंद झाली. शिवकन्या वाशीलाच आहे, लेकीजवळ. सासू काही दिवस बोलली नाही, मग बोलायला लागली, एवढं कमलबाईंकडून कळलं.

जास्मिन आता हळदीचे फोटो इंटरनेटवर चढवतच नाही. पेनड्राइव्ह घेऊन घरी जाते, नवरीच्या आईपुढं बसून टीव्हीला लावून देते. मांडवातले फोटो लिंकवर देते, पण स्वतःच्या नावाचं खातं उघडून, पासवर्ड लावून, आणि लिंक आपोआप बंद व्हायची तारीख घालून. पासवर्ड लिंकबरोबर पाठवत नाही, फोन करून तोंडी सांगते. पुसायची लिंक मिळाली तर आधी जपून ठेवते. एखादं घाईचं गिऱ्हाईक म्हणतं, "टाक ना फुकटात कुठंतरी." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं.

"जो येताना ओळख विचारत न्हाय, तो नंतर ओळख दाखवत बी न्हाय."

परवा एका हळदीला ती दारात सूप घेऊन उभी होती. सगळ्यांचे मोबाईल जमा झाले, तशी तिनं खिशातून स्वतःचा काढला आणि सगळ्यांच्या वर ठेवला.