आकडे नसलेला हिवाळा

सिडनीतल्या पॅरामॅटा भागात ज्या ऑफिसात मी काम करते, तिथे देशांना मार्क दिले जातात. सरकारं टिकतात का, महागाई कशी आहे, बँका धड आहेत का, लोक रस्त्यावर उतरतात का, हे सगळं बघून तो देश किती स्थिर आहे ते ठरवायचं आणि तिथे पैसा गुंतवणाऱ्यांना कळवायचं. मी रुजू झाले तेव्हा मला जुन्या सोव्हिएत राज्यांच्या गटात घेतलं. काम शिकवलं त्याच गटातल्या, शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीने. ती स्वतः जॉर्जियाची. अमेरिकेतल्या नव्हे, काळ्या समुद्राकाठच्या. विशीत सिडनीला आली, युनिव्हर्सिटी इथेच केली, लग्नही इथेच. ऑफिसात जॉर्जियाचा स्कोअर तीच काढायची.

एका वर्षी तिचे वडील तीन महिन्यांसाठी तिच्याकडे आले. माझी आईही तेव्हा पुण्याहून आलेली होती, म्हणून मी मैत्रिणीला आणि तिच्या वडिलांना वेंटवर्थव्हिलला आमच्या घरी जेवायला बोलावलं. वडील जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, ट्राम चालवायचे. ट्राम बंद झाल्या आणि ते घरी बसले. उंच, जरासे वाकलेले, इंग्रजी जेमतेम. आईने मेथीची भाजी वाढली, तर घास घेण्याआधी त्यांनी ताट उचलून वास घेतला आणि मुलीला काहीतरी सांगितलं.

"बाबा म्हणतायत, हा आमच्या स्वयंपाकघराचा वास आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे मेथीची एक जात मसाल्यात घालतात. आई घालायची."

"आई कधी गेली गं तुझी?" माझ्या आईने विचारलं. मी ते इंग्रजीत केलं, तिने तिच्या भाषेत. उत्तर वडिलांनी दिलं, थांबत थांबत. सोव्हिएत संघ फुटला, शहरातच गोळीबार सुरू झाला. त्या हिवाळ्यात वीज नाही, गॅस नाही. आधी खुर्च्या जाळल्या, मग आतल्या खोलीचं दार. बायकोला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलही तितकंच गार होतं.

मैत्रीण तेव्हा शाळेत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या महिन्यांचे आकडे आपल्याकडे नाहीतच. तू पाहिलं असशील, रकाने रिकामे आहेत." मग हेच तिने वडिलांना सांगितलं.

"मोजणार कोण?" ते म्हणाले. "सगळे लाकडं शोधत होते."

आईने न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

इथेच राहा म्हणून मैत्रिणीने त्यांना खूप आग्रह केला. ते ऐकेनात. बायकोची कबर तिकडे होती, रविवारी तिथे जायचं असे. शिवाय आता तिकडे सगळं ठीक होतं, हे तर मुलीच्याच स्कोअरमध्ये दिसत होतं. एअरपोर्टवर त्यांनी हसून तिला तेच ऐकवलं.

पुढच्या जानेवारीत, सिडनीत डांबर मऊ पडेल असं ऊन असताना, तिला तिबिलिसीहून वडिलांच्या शेजारणीचा फोन आला. वडील दार उघडत नव्हते म्हणून कुलूप तोडलं. ते स्वयंपाकघरात खुर्चीवरच गेले होते. हृदय थांबलं. शेजारीण पुन्हा पुन्हा सांगत होती, घर गरम होतं, दिवे चालू होते, फ्रीज भरलेला होता, तू काळजी करू नकोस.

ती जाऊन आली. परतली त्याच आठवड्यात जॉर्जियाचा स्कोअर काढायचा होता.

"तू राहू दे, मी करते," मी म्हटलं.

"नको. मला करू दे."

दुपारपर्यंत ती एकेक रकाना भरत होती. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "चेक कर."

देश एक पायरी वर गेला होता. मी प्रत्येक रकाना पाहिला. कुठे चूक नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"बरोबरच आहे. वीज जात नाही आता. पोरं रस्त्यावर हसत फिरतात, मी परवाच बघून आले." तिने स्क्रीन परत स्वतःकडे वळवला. "देश ठीक आहे म्हणून मी धरून चालले की बाबाही ठीक आहेत. फोनवर मी त्यांना काही विचारायचेच नाही गं. मीच बोलत राहायचे."

आणि ती भर ऑफिसात मोठ्याने रडायला लागली. मॅनेजर केबिनमधून बाहेर आला, आम्हाला बघून परत आत गेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

पुढच्या महिन्यात तिने गट बदलून मागितला. तिला पॅसिफिकमधली बेटं मिळाली, जॉर्जिया माझ्याकडे आला. हल्ली तिबिलिसीत लोक पुन्हा रस्त्यावर उतरलेत, स्कोअर घसरतोय, मला दर थोड्या दिवसांनी तो नव्याने काढावा लागतो. आम्ही दोघी अजून रोज एकत्र डबा खातो. ती त्याबद्दल विचारत नाही, मीही सांगत नाही.